भिंत नाही म्हणते तेव्हा

जुन्या वाड्यात ड्रिलवाला पहिलं भोक पाडतो तेव्हा मशीनकडे बघायचंच नाही, खाली पडणाऱ्या भुकटीकडे बघायचं. आधी पांढरी पडते, तो चुन्याचा गिलावा. मग लाल आली की वीट लागली, चला, काम होईल. पण लाल न येता तपकिरी मऊ माती भुरूभुरू गळायला लागली की सांधा लागला म्हणून समजा, कारण या विटा मातीतच बसवलेल्या असतात, तिथे चार इंची स्क्रू घातला तरी हाताने उपटून येतो.

आणि आपल्याला नेमका तिथेच ४३ इंची टीव्ही हवा असतो, तोही पुढे ओढून वळवता येणाऱ्या स्टँडवर! भिंतीला चिकटून टांगलेल्या वस्तूचं वजन सरळ खाली जातं, ते खिळा बऱ्यापैकी सोसतो. तोच टीव्ही फूटभर पुढे आला की वरचे स्क्रू बाहेर खेचले जातात आणि मग स्क्रू, तो ज्यात पिळतात ती भोकातली प्लास्टिकची गिट्टी, वर ताटलीएवढा गिलावा असं सगळं एकदमच हातात येतं. गीझरचं तर विचारूच नका, २५ लिटरचा म्हणजे नुसतं पाणीच २५ किलो, टाकी वेगळी.

गिट्टीचा काही दोष नाही बरं का. नायलॉनची गिट्टी आर्तुर फिशर या जर्मन माणसाने १९५८ मध्ये काढली, स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भोकाला आतून आवळून बसते, पण त्यासाठी भोक टणक पाहिजे, माती काय, दाबली की सरकते. जुने वायरमन छन्नीने खड्डा करून त्यात लाकडी गुटका बसवायचे, आत रुंद आणि बाहेर निमुळता, भोवती सिमेंट. वेळ जायचा, पण ओढला तरी बाहेर येणार कसा?

मुळात ही घरं बांधणाऱ्यांनी भिंतीवर जड काही टांगायचं मनातच आणलं नव्हतं. खुंट्या बांधकाम चालू असतानाच विटांच्या मध्ये बसवायच्या, त्याही टोपी-उपरण्यापुरत्या. जड सामान कोनाड्यात नाहीतर फडताळात, झोपाळ्याच्या कड्या तुळईला. मोठाल्या तसबिरी असायच्या, पण त्या नीट बघा, खाली दोन खिळे, त्यांच्यावर फ्रेम टेकलेली, वरची दोरी फक्त ती पुढे पडू नये म्हणून. त्यामुळेच सगळे आजोबा-पणजोबा पुढे वाकून आपल्याकडे बघतायत असं वाटायचं आणि मागच्या फटीत चिमण्यांचा संसार, खाली काड्यांचा कचरा, तो रोज कोण झाडणार यावरून कुरबुर.

माझं विचाराल तर टीव्ही सरळ टेबलावर ठेवावा. पण घरात हे कोणी ऐकत नाही, टेबल म्हणे जुनाट दिसतं (अख्खा वाडा जुना, त्याचं काही नाही). मग एकच उपाय, भिंत ठोकत जायचं, आत दडलेले दोन लाकडी खांब शोधायचे आणि जाड प्लायची फळी या खांबापासून त्या खांबापर्यंत बोल्टने आवळायची, म्हणजे सगळा भार लाकडावर आणि गिलावा मोकळा. आता हे खांब सापडतात ते हमखास दाराच्या मागे, प्लग पॉइंट समोरच्या भिंतीत आणि सोफा तर हलवायचाच नाही असं आईचं आधीच ठरलेलं.