शाळेत ब्लूज शिकवायला गेले तेव्हा

शिकागोत येऊन नऊ वर्षं झाली, माउथ ऑर्गन (म्हणजेच हार्मोनिका) मी पुण्यापासून वाजवते पण ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःख सांगणारं संगीत, इथेच कानावर पडलं आणि मग सुटलंच नाही. गेल्या वर्षी एका ना-नफा संस्थेकडून शहराच्या साउथ साइड या दक्षिण भागातल्या शाळेत पाचवीच्या मुलांना शिकवायला व्हॉलंटियर म्हणून गेले. आधी बोटांचे ठसे, बॅकग्राउंड चेक, ट्रेनिंग, यातच पाच आठवडे गेले, ते असू दे. मुलांचा प्रश्न आहे, व्हायलाच पाहिजे.

प्रत्येकाला स्वतःची सी स्केलची दहा भोकांची हार्मोनिका, वर टेपने नाव चिकटवलेलं, कारण एकमेकांची तोंडात घालायची नाही. मी पहिल्या दिवशी बारा बारचा तक्ता, म्हणजे ब्लूजचा बारा मापांचा ठरलेला साचा, फळ्यावर काढला आणि दहा मिनिटांत वर्ग हातातून गेला. माझीच चूक. पुढच्या वेळी फळा बंद. नुसतं खालच्या भोकांवर आत ओढा, बाहेर फुंका, आत, बाहेर, हळूहळू वेग वाढवा. आगगाडी! सगळा वर्ग आगगाडी झाला. सी ची हार्मोनिका आत ओढली की ‘जी’ ही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मिळते आणि फुंकली की ‘सी’, म्हणजे ब्लूजच्या तीनपैकी दोन कॉर्ड श्वासातच आल्या, तिसऱ्या ‘डी’ कॉर्डच्या जागी फक्त चौथं भोक ओढून डी सूर वाजवायचा.

मग सांगितलं की ही गाडी कुठून यायची. 1943 मध्ये प्रसिद्ध ब्लूज गायक मडी वॉटर्स दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलहून आगगाडीत बसून इथे आला, आणि तो एकटा नाही, 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोकांनी अमेरिकेचा दक्षिण भाग सोडला. मागे काय सोडलं, तर कापसाची शेतं, वाट्याने शेती करून कर्जात अडकणं, कायद्याने गोऱ्यांपासून वेगळं ठेवणं. दहा वर्षांच्या मुलांना हे किती सांगायचं याची मला फार धास्ती होती. होमवर्क दिलं, घरी विचारून या आपलं कोण कुठून आलं. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या वर्गाच्या तोंडी मिसिसिपी, अर्कान्सा. एकाची पणजी अजून आहे, ती याच गाडीने आलेली! त्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही, नुसतं ऐकलं.

ब्लूजचं गाणं लिहायला सोपं असतं, एक ओळ, तीच ओळ परत, मग तिसरी ओळ उत्तर देते. मला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या, काम करता करता मनातलं बोलून टाकायचं. कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या एका मुलीने लिहिलं त्याचा अर्थ असा, बस आली नाही, हात गारठले माझे, बस आली नाही, हात गारठले माझे, घराला कुलूप, अन् दप्तर जड माझे. वर्गात चिडीचूप. मग मागच्या बाकावरून कुणीतरी आगगाडी सुरू केली तिच्यासाठी.

शेवटच्या कार्यक्रमाला ती पणजी व्हीलचेअरवर आली होती, पायाने ताल धरत होती. हार्मोनिका मुलांनाच ठेवायला दिल्या. पुढची बॅच जानेवारीत आहे, अजून चाळीस लागतील, संस्थेला यादी पाठवलीये.