हप्त्याचं नंतर, आधी गाडी महिन्याला किती खाणार ते काढा

ताईला गाडी घ्यायचीय. ताई कराडजवळ झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, दाजी एमआयडीसीत प्रायव्हेट कंपनीत, आणि दोघांनी बसून ठरवलंय की गाडीपायी महिन्याला अठरा हजारांच्या वर जायचं नाही, कारण मुलाची बारावी तोंडावर आलीय. घरात आकडेमोड माझ्याकडे असते, त्यामुळे सध्या माझं कोटेशन गोळा करणं, बँकांचे रेट बघणं, ताईच्या शिक्षकांच्या पतसंस्थेचे नियम वाचणं हेच चाललंय. असंच पंधरा-वीस हजारांचं बजेट धरून गाडी बघणारे ओळखीत बरेच आहेत म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे अठरा हजारांचं बजेट म्हणजे अठरा हजारांचा हप्ता नाही. शोरूममधे गेलं की पहिला प्रश्न येतो, "सर, महिन्याला किती जमेल?" आणि आपण जो आकडा सांगतो तेवढ्याचा हप्ता बरोब्बर बसवून मिळतो, मग पेट्रोल कशातून घालायचं? आम्ही उलटं केलं. ताईचं शाळेत जाणं-येणं आणि महिन्यातून एखादी पुण्याची फेरी धरून साधारण आठशे किलोमीटर होतात, गाडी अठराचं ॲव्हरेज देईल असं धरलं तर चव्वेचाळीस-पंचेचाळीस लिटर, आणि आपल्याकडे पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे 4,700 तिथेच गेले. वर्षाचा इन्शुरन्स बारा महिन्यांत वाटला तर तेराशे, सर्व्हिसिंग सातशे, टायर-बॅटरीसाठी पाचशे बाजूला. टोलचं बरं झालंय, ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, निघाला तेव्हा तीन हजारांत नॅशनल हायवेवरचे टोलनाके दोनशे वेळा ओलांडता यायचे, त्यामुळे पुण्याच्या वाटेवरचे तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे टोलनाके सगळे मिळून महिन्याला अडीचशेच धरले. बेरीज साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे हप्त्याला उरले साडेदहा हजार, आणि हाच आमचा खरा आकडा.

आता गाडी. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, त्यामुळे पेट्रोल हॅचबॅक आधीपेक्षा आवाक्यात आलीय. आम्ही बघतोय ती एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरायच्या आधी, साडेसहा लाखांची. पण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के, म्हणजे 71,500 रुपये नुसते आरटीओचे. त्यावर इन्शुरन्स, आणि नव्या गाडीला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) पॉलिसी तीन वर्षांची घ्यावीच लागते, मग इकडचं तिकडचं मिळून ऑन-रोड, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंत, साधारण 7 लाख 60 हजार. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायला हवा असं काही नाही, बाहेरून कोटेशन आणा आणि समोर ठेवा, बऱ्याचदा तिथल्या तिथे कमी करून देतात. हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. आणखी एक विचारून घ्यायचं, बँक ऑन-रोडवर लोन देते का एक्स-शोरूमवर, कारण त्यावर डाऊन पेमेंट लाखभराने इकडे-तिकडे होतं.

ताईकडे 1 लाख 60 हजार साठलेत, म्हणजे लोन सहा लाखांचं लागतंय. बँकेचा रेट 9 टक्के धरून मी आकडे काढले (ज्याच्या-त्याच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या स्कोरवर, रेट थोडा वर-खाली होतो, साडेसातशेच्या वर स्कोर असला की बोलायला जागा असते). पाच वर्षांचा हप्ता येतो 12,455. आमच्या साडेदहात बसत नाही. शोरूमवाल्याने लगेच सात वर्षं केलं, हप्ता 9,653, दाजी म्हणाले बसतंय की. बसतं, पण पाच वर्षांत व्याज जातं 1 लाख 47 हजार आणि सात वर्षांत 2 लाख 11 हजार. आणि मला जास्त टोचलं ते वेगळंच. तीन वर्षांनी गाडी विकायची वेळ आली, समजा बदली झाली किंवा काही अडचण आली, तर पाच वर्षांच्या लोनमधे बँकेचे 2 लाख 73 हजार देणं शिल्लक असतं आणि सात वर्षांच्या लोनमधे 3 लाख 88 हजार, आणि त्या तीन वर्षांत गाडीची किंमत तर दोन्हीकडे सारखीच उतरलेली असते. पहिल्या महिन्याच्या 9,653 मधले 4,500 निव्वळ व्याज आहेत, जवळपास अर्धा हप्ता. हे मी दाजींना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ते म्हणाले सात वर्षं नको.

मग एक फायनान्सवाला भेटला, तो म्हणाला बँक नऊ घेते ना, आम्ही सातने देतो, कागदपत्रं पण कमी. ताई खूश झाली. मी विचारलं फ्लॅट का रिड्यूसिंग, तर म्हणे फ्लॅट, पण रेट कमी आहे ना सर. हा हिशोब प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. सहा लाखांवर 7 टक्के म्हणजे वर्षाला 42 हजार, पाच वर्षांचे 2 लाख 10 हजार, ते मुद्दलात मिळवले 8 लाख 10 हजार, भागिले 60, हप्ता 13,500. बँकेचा 9 टक्क्यांचा हप्ता होता 12,455. म्हणजे "कमी" रेटवाला महिन्याला हजारपेक्षा जास्त घेतोय, पाच वर्षांत 62 हजारांच्या वर, कारण फ्लॅटमधे तुम्ही अर्धं मुद्दल फेडलं तरी व्याज पूर्ण सहा लाखांवरच चालू राहतं. रिड्यूसिंगमधे, म्हणजे बँकेसारखं फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून सांगायचं, तर त्याचा 7 टक्के म्हणजे साडेबारा टक्के होतो. शिकल्यासवरल्या माणसाला असं सात-सात म्हणून सांगायचं याचा मला खरंच राग येतो, कारण समोरचा माणूस विश्वास ठेवून सही करतो.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हक्काचा आहे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून असल्या सगळ्या रिटेल लोनला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनच्या मुख्य अटींचा कागद, देणं सक्तीचं केलंय, त्यात एपीआर लिहावा लागतो, म्हणजे प्रोसेसिंग फी, लोनसोबत चिकटवलेला इन्शुरन्स वगैरे सगळं धरून वर्षाला खरा किती टक्के खर्च पडतो तो आकडा. जो चार्ज त्या कागदावर नाही तो तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. आणि कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचाय, म्हणजे मराठीत मागा, बिनधास्त मागा. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी-शेजारी ठेवले की बाकी बोलणं आपोआप कमी होतं.

ताईची शिक्षकांची सोसायटी हा तिसरा पर्याय होता. पगारदार पतसंस्थेचं लोन म्हणजे पगारातून कपात, गाडीच्या आरसीवर (नोंदणीपत्रावर) कर्जाचा बोजा बहुतेक ठिकाणी चढत नाही, शेअर्सवर डिव्हिडंड येतो. पण रेट बँकेपेक्षा जास्त असू शकतो आणि मुख्य म्हणजे दोन जामीनदार लागतात. शाळेतल्या सहकाऱ्याला जामीन राहा म्हणायचं म्हणजे उद्या तो आपल्याला म्हणणार, आणि तेव्हा नाही म्हणता येत नाही. ताईला ते नको होतं आणि मला तिचं पटलं. सोनं गहाण ठेवून गाडी घ्यायच्या मी साफ विरोधात आहे, ते सोनं दवाखान्याच्या वेळेला आहे. एफडीचं मात्र वेगळं, एफडीवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, त्यावर परत टॅक्स, आणि आपण लोन घेतो नऊने, मग जास्तीची एफडी असेल तर मोडून डाऊन पेमेंटला घालणं फायद्याचं पडतं. फक्त चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी एफडी हात न लावता ठेवा.

ताईकडे तशी जास्तीची एफडी नाही. म्हणून शेवटी असं ठरलं की लोन पाच लाखांचंच घ्यायचं, पाच वर्षं, हप्ता 10,379, खर्च धरून सगळं मिळून अठरा हजारांच्या आत. कमी पडतोय तो एक लाख, तर पुढचे नऊ-दहा महिने तोच साडेदहा हजारांचा हप्ता आरडीत, म्हणजे बँकेतल्या दरमहा बचतीच्या खात्यात, भरायचा. दाजींना थोडं जड गेलं, दिवाळीत गाडी दारात हवी होती त्यांना. पण यात हप्ता झेपतो का नाही हे गाडी यायच्या आधीच कळेल, आणि एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर लोनचा हप्ता थकल्यासारखा मोठा फटका बसणार नाही.

तोपर्यंत लोनचा रेट फिक्स्ड (शेवटपर्यंत तोच) घ्यायचा का फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे बदलणारा) ते बघतोय. 2025 मधे रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला, पण ज्यांचं लोन फिक्स्ड होतं त्यांच्या हप्त्यात त्यातला एक रुपया कमी झाला नाही. उद्या रेट वाढला तर मात्र तेच सुखात राहतील. माझा कल फ्लोटिंगकडे आहे, मुख्य कारण लवकर फेडायची मुभा: वैयक्तिक फ्लोटिंग लोनवर प्रीपेमेंट चार्ज घेता येत नाही, आणि ताईला वेतनवाढीचा फरक वगैरे एकरकमी मिळाला की ती तो लोनमधेच भरणार. फिक्स्डमधे बहुतेक जण फोरक्लोजरला, म्हणजे लोन मुदतीआधी बंद करायला, काही टक्के कापतात, तो आकडा सहीच्या आधी विचारायचा.

आणि लोन फिटलं की बँकेची एनओसी (हरकत नसल्याचा दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा लगेच उतरवून घ्या, इन्शुरन्स पॉलिसीवरचं बँकेचं नाव पण काढून घ्या. आमच्या शेजारच्या काकांनी हे राहू दिलं होतं, गाडी विकताना जुन्या एनओसीची मुदत संपलेली निघाली आणि गिऱ्हाईक थांबलं नाही.