बिंदुसरा रेल्वेची इंजिनं आणि आमचं रेडियमचं दुकान

परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. बाहेरची पाटी अजून 'नंबर प्लेट, रेडियम, बॅनर' हीच. मागच्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र २०२० च्या हिवाळ्यापासून रेल्वे इंजिनं रंगतात. वीतभर लांबीची, १:८७ मापाची, ज्याला जगभर एचओ म्हणतात ती. त्यातली निम्म्याहून जास्त इंजिनं अशा रेल्वेची आहेत, जी कधी धावलीच नाही.

दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं. अण्णा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकची फळी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ, सगळं हातानं. फ्लेक्स आला तशी ब्रशची कामं आटली, मग मी कटिंग प्लॉटर, म्हणजे स्टिकर कापायचं मशीन घेतलं आणि आम्ही रेडियमवाले झालो. नंबर प्लेटवर घर चाललं. पुढं १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शोरूममधूनच हाय सिक्युरिटी प्लेट लागून यायला लागली आणि आमच्या गल्ल्यातला मोठा हिस्सा गेला. वर्षभरात लॉकडाऊन. त्या काळात दुकानाचं भाडं कसं दिलं ते आम्हालाच माहीत.

त्याच हिवाळ्यात पुण्याहून एका काकांचा फोन आला. मूळचे बीडचे, निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या भाच्याच्या बुलेटवर अण्णांनी रेघ मारली होती, ती त्यांनी पाहिली होती. म्हणाले, "एवढी सरळ रेघ वीतभर इंजिनावर मारता येईल का?" मी हो म्हणालो. कशाला हो म्हणतोय ते मला माहीत नव्हतं.

काका खोकं घेऊन स्वतः आले. आत चार इंजिनं, अमेरिकन बनावटीची, आल्को या तिकडच्या कारखान्याच्या आरएस-११ डिझेल इंजिनाची मॉडेल्स, तिकडच्याच कुठल्या कंपनीच्या रंगातली. सोबत अकरा टाइप केलेली पानं. त्यावर बिंदुसरा रेल्वेचा इतिहास. बिंदुसरा ही बीडमधून वाहणारी नदी. रेल्वे पूर्ण काकांच्या मनातली.

बीडकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. परळीला निजामाच्या काळात विकाराबादकडून ब्रॉडगेज आली, पण बीडला रेल्वे नव्हती. काका लहानपणी आगगाडी बघायला परळीला जायचे. नगर-बीड-परळी मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली, त्यानंतरही लोक तीस वर्षं वाट बघत राहिले. काकांनी कागदावर ती वाट बघायचं थांबवलं. त्यांच्या इतिहासात स्थानिक व्यापाऱ्यांनी आणि जिल्हा बोर्डानं पैसा उभा केला आणि परळीपासून सिरसाळा, वडवणी करत लाइन बीडला नेली. खासगी कंपनी इतके दिवस कशी टिकली, असं मी विचारलं. त्यांनी लगेच बार्शी लाइट रेल्वेचं उदाहरण दिलं. ती १८९७ ला कुर्डूवाडी-बार्शी सुरू झाली, पुढं लातूरपर्यंत आली आणि सरकारनं ती थेट १९५४ ला घेतली. "मग माझी अजून पंधरा वर्षं टिकली, एवढंच," ते म्हणाले. आल्कोची डिझेल इंजिनं भारतात १९५७ पासून यायला लागली होती, म्हणून बिंदुसरानं त्याच कारखान्याची १८०० अश्वशक्तीची चार मागवली. सगळं तारखेला तारीख लागून. खऱ्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं १६७६ मिलिमीटर अंतर ८७ नं भागलं तर १९.२६ येतं आणि बाजारात रूळ मिळतात १६.५ चे. तेवढी एक तडजोड त्यांनी मान्य केली होती.

जाताना त्यांनी एक अट घातली. "ही रेल्वे खोटी आहे, म्हणून हिच्यावर काहीही चालेल असं नाही. ज्याचं कारण सांगता येत नाही, तो ठिपकासुद्धा द्यायचा नाही." आमचं सगळं काम आजही या अटीवर चालतं.

पहिलंच इंजिन मी खराब केलं. जुना रंग काढायला गॅरेजच्या सवयीनं एनसी थिनरचा बोळा फिरवला. रंग निघाला, पण त्याबरोबर प्लास्टिकही मऊ पडलं. रेडिएटरच्या जाळीच्या रेघा एकमेकींत मिसळल्या, केबिनची खिडकी आत वाकली, आणि अंगठा लावला तर मेणात उमटावा तसा ठसा उमटला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी अण्णा म्हणाले, "फोन कर आन् जे झालं ते सांग. पैसे भरून देऊत." मी तसंच केलं. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोणतं? चार नंबरचं? ठीक आहे. १९६४ ला त्याला आग लागली." दुसऱ्या इंजिनाचे पैसे मी भरले, आणि ते वितळलेलं इंजिन आज काकांच्या गच्चीवरच्या खोलीत मांडलेल्या छोट्या रेल्वेत, वडवणी शेडच्या मागं, गवतात उभं आहे.

रंग काढायला आता आम्ही आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं असतं तेच. त्यात कव्हर काही तास बुडवून ठेवायचं, मग मऊ टूथब्रशनं घासायचं. कुठल्याही मालावर आधी आतल्या बाजूनं, दिसणार नाही तिथं, थेंब लावून बघतो.

परभणीच्या हवेनं बाकीचं शिकवलं. गॅरेजच्या रंग फवारायच्या गनला चालतो तो दाब इथं कामाचा नाही. ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश पंधरा ते वीस पीएसआयवर धरावा लागतो, नाहीतर बारीक रिव्हेट रंगाखाली बुडतात. आणि एप्रिल-मे मध्ये अॅक्रेलिक रंग मॉडेलवर पडायच्या आधीच सुईच्या टोकाला वाळतो. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम सकाळी पाच ते आठ. रंग उशिरा वाळावा म्हणून त्यात रिटार्डरचे थेंब जास्त. आठनंतर फक्त तारकाम.

तारकाम म्हणजे हाताला धरायच्या दांड्या, शिडीचे कठडे. खरी दांडी इंचभर जाड धरली तर ८७ व्या हिश्श्याला ०.३ मिलिमीटर येते. कारखान्यातून आलेल्या मॉडेलवर ती प्लास्टिकात ओतलेली आणि दुप्पट जाड असते. ती ब्लेडनं खरवडून काढायची, ०.३५ च्या बिटनं हातानं भोक पाडायचं आणि तार बसवायची. तेवढी बारीक पितळी तार आम्हाला सराफ्यातल्या एका कारागिरानं ओढून दिली. त्याच्याकडूनच तार न पिचकता वाकवायची कशी ते शिकलो. एका इंजिनाला अशा तीसच्या वर दांड्या लागतात. अमेरिकन इंजिनाला पुढं धक्का झेलणारे गोल बफर नसतात, पण परळीला इतर रेल्वेच्या वाघिणी जोडायच्या तर बफर हवेतच. ते लेथवाल्याकडून पितळेत काढून घेतले.

रंग कोणता, यावर महिना गेला. काकांनी लिहिलं होतं 'सीताफळी हिरवा'. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे आणि बालाघाटच्या डोंगरात ते पीक जुनं, म्हणून कंपनीनं तो रंग घेतला असं कारण. पण सीताफळ एका हिरव्याचं नसतं. डोळे गडद, वर पांढुरकी पावडर, आणि पिकायला आलं की डोळ्यांच्या मधली फट पिवळसर होते. दिवाळीच्या आधी मी अर्धा डझन फळं टेबलावर मांडून रंग जुळवत बसलो होतो. हुबेहूब जुळला, आणि इंजिनावर मारल्यावर काळपट दिसायला लागला. लहान वस्तूवर रंग गडद भासतो. मग चमचाभर पांढरा, थोडा पिवळा मिसळत गेलो आणि सातव्या डबीला फळाची आठवण देणारा हिरवा मिळाला. डोळ्यांच्या फटीचा पिवळा आम्ही पट्ट्याला वापरला. त्या पट्ट्याचं मास्किंग, म्हणजे बाजूला रंग लागू नये म्हणून चिकटवायची झाकणपट्टी, मात्र आमच्या जुन्या प्लॉटरवर काढतो. नंबर प्लेटचं मशीन इथं उपयोगी पडलं याचा मला फार आनंद आहे.

अक्षरं अण्णांची. खऱ्या इंजिनावर फूटभर उंचीचं अक्षर असेल तर मॉडेलवर ते साडेतीन मिलिमीटर. तेवढं प्लॉटर कापत नाही. साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या मित्राकडं गेलो. स्क्रीन प्रिंटिंगला पांढरी शाई रोजचीच. डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून अक्षर उतरवायच्या कागदावर त्यानं काढून दिलं, फक्त लग्नसराईत त्याच्याकडं वेळ मागायचा नाही. पहिल्या छपाईत 'बिंदुसरा'मधलं अनुस्वाराचं टिंब वेलांटीला जाऊन चिकटलं आणि 'बिं'चा नुसता गोळा झाला. अण्णांनी चष्मा लावून ते भिंगाखाली बघितलं. मग वीतभर उंचीची अक्षरं पेन्सिलीनं नव्यानं काढली. टिंब उजवीकडं सरकवलं, थोडं मोठं केलं, वेलांटीची कमान उचलली, 'स'च्या पोटातली मोकळी जागा वाढवली. मोठ्या अक्षरात बघितलं तर ते बेढब वाटतं. साडेतीन मिलिमीटरवर हातभर लांबून वाचता येतं. अण्णा म्हणाले, "एस.टी. पळताना वाचायची पाटी आशीच काढत होतोत आम्ही. लांबून वाचायचं आन् बारीक वाचायचं, एकच."

डिकल पाण्यात भिजवून सरकवायचं असतं. बोअरच्या पाण्यानं प्रत्येक अक्षराभोवती पांढरा क्षार धरला, म्हणून आता बॅटरीत घालायचं पाणी वापरतो. आणि आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर मारल्याशिवाय डिकल लावत नाही. खरखरीत रंगावर त्याच्याखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी चौकट दिसते.

मग धूळ. मला सगळ्यात जास्त हेच काम आवडतं. काकांची अट इथं खरी कळते. परळीहून बालाघाट चढताना इंजिन पूर्ण जोर लावणार, आणि आल्को जोर धरताना काळा धूर ओकतं, म्हणून धुराड्याच्या मागं काजळी. उतरताना ब्रेक लागणार, म्हणून चाकांजवळ तांबूस भुकटी. मुरमाची धूळ खालून वर उडते, तर ती पायऱ्यांपाशी दाट आणि दाराशी विरळ. दारावर मात्र ड्रायव्हरचा हात रोज लागतो तिथं रंग घासून चकचकीत. परळीला औष्णिक केंद्र आहे, ते १९७१ च्या सुमारास सुरू झालं. काकांची तीन नंबर तोपर्यंत चालू होती, तर तिच्या छतावर राख हवीच. मी परळीला जाऊन पिशवीभर राख आणली, मलमलीतून गाळली. लावायच्या आधी सहज चुंबक फिरवलं तर टोकाला काळी बारीक कणी चिकटून आली. राखेत लोखंडाचे कण असतात. मॉडेलच्या मोटरमध्ये गेले असते तर इंजिन गेलं असतं. तेव्हापासून ती राख फक्त नमुना म्हणून बाटलीत आहे. तिच्याशी जुळवून खडूच्या भुकटीचा राखाडी बनवतो, तोही थोडा जास्तच उजळ, कारण वरून मॅट, म्हणजे बिनचमकीचा थर मारल्यावर तो उजळपणा कमी होतो.

एका इंजिनाला तीन ते चार आठवडे लागतात. पुणे, मुंबई, नागपूर, बेंगळुरूकडची कामं आता येतात. काही जण खऱ्या रेल्वेचे रंग मागतात, काही जण स्वतःची रेल्वे घेऊन येतात. त्यांना मी आधी इतिहास लिहून पाठवायला सांगतो, एक पान तरी. काहींना राग येतो. पण कुठून कुठं जाते, काय वाहते, पाऊस किती, हे कळल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही. मॉडेल रेल्वेचं माहेर जर्मनी, तिथल्या गोपिंगेनमध्ये मार्क्लिन १८५९ पासून आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. आमच्या पार्सलच्या खोक्यावर मी ती अण्णांच्या अक्षरात छापून घेतली आहे. दुकानाचा रोजचा खर्च मात्र अजून बॅनर आणि रेडियमवरच निघतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला खरी रेल्वे सुरू झाली. काका त्या दिवशी बीडला होते. फलाटावरून फोन केला होता, पण गर्दीत काही ऐकू आलं नाही, नुसता हॉर्न आणि त्यांचा श्वास.

पंधरा दिवसांनी पार्सल आलं. आत बिंदुसराचं एक नंबरचं इंजिन आणि टाइप केलेलं एक नवं पान. धूळ, काजळी, गंज सगळं काढा, नवा रंग द्या, वर ग्लॉस ठेवा, मॅट नको. कारण खाली लिहिलं होतं: 'समारंभासाठी धुऊन पुसून काढलेलं आहे.' आणि पुढच्या दिव्यावर झेंडूचा हार.

झेंडूचं फूल ८७ व्या हिश्श्याला अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठं. माझ्या बायकोनं रवा हळदीत आणि थोड्या कुंकवात भिजवून वाळवला, रेशमाच्या दोऱ्याला फेव्हिकॉल लावून चिमट्यानं एकेक कण बसवला. पहिले दोन हार वाळल्यावर ताठ झाले आणि दिव्यावर बसेनात. तिसऱ्याला तिनं डिंक कमी घातला. तो आत्ता खिडकीत, पेन्सिलीवर लोंबकळत वाळतोय.