पाळीच्या मागचं धुकं

देवलगाव स्टेशनवर उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती आणि सौंदड मागे पडल्यापासून मी बाहेरच बघत होते. कापलेल्या धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), त्यांच्या मधून गेलेले धुरे (बांध), मधेच एखादी बोडी (लहान तळं), त्यात उभे दोन बगळे. मी वर्ध्याची. कापूस, तूर आणि सोयाबीन बघत वाढलेली. विदर्भ म्हटलं की डोळ्यांसमोर काळी जमीन येते. पण वैनगंगा ओलांडली की हाच विदर्भ पाण्याचा होतो, भाताचा होतो, बोलीसुद्धा बदलते. झाडीपट्टी म्हणतात ती ही.

जानेवारीतली तीन दिवसांची फोटोग्राफीची कार्यशाळा होती. त्याआधी नागपुरात दोन रविवार वर्गात बसून झालं होतं: एक्स्पोजर, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख), रॉ फाइल कशासाठी, ट्रायपॉडवर कॅमेरा असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद का करायचं. हे सगळं मला वहीत लिहिलेलं पाठ होतं. तरी मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर सरांनी पहिलं वाक्य बोललं ते असं, "आज कॅमेरा बाहेर काढायचा नाही. अंधार पडेपर्यंत तलावाची पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला."

नवेगावबांधचा मोठा तलाव सगळ्यांना माहीत असतो. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात तो बांधला, भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणींचे डोंगर म्हणतात, १९७५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. आम्ही मात्र थांबलो होतो तिथून काही किलोमीटरवर, एका लहान मामा तलावाशी. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले, नावात मात्र मालगुजार राहिला.

त्या संध्याकाळी चालताना मला तलावाची रचना पहिल्यांदा नीट कळली. दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर मातीची पाळ घातलेली. वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला बांध्या, आणि त्या बांध्याही एका पातळीत नाहीत, प्रत्येक बांधी आधीच्या बांधीपेक्षा टिचभर खाली. वरच्या बांधीतलं पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत सोडायचं, तिथून पुढच्या. एवढ्या सपाट दिसणाऱ्या मुलखात हा उतार दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोहळ्यांनी, म्हणजे तलाव बांधणाऱ्या त्या समाजाने, कुठल्याही यंत्राशिवाय कसा ओळखला असेल, या विचाराने मी बराच वेळ उभी राहिले. पाळीवर मोहाची आणि अर्जुनाची जुनी झाडं. पाळ पश्चिमेच्या पाण्याला अडवून दक्षिणोत्तर पसरलेली. पूर्वेला सगळा धानाचा प्रदेश. हे दिशांचं मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशीही लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला.

पहिली सकाळ वाया गेली. पाच वाजता उठून आम्ही नऊ जण पाळीवर ट्रायपॉड लावून उभे. तोंडं पाण्याकडे. थंडी अशी की बोटं आखडत होती. पाण्यावरून वाफ उठत होती, पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर पहिली तांबूस रेघ आली आणि मी पंचेचाळीस मिनिटं एकाग्रतेने फोटो घेतले. सगळे दुधाळ आले. कडा नाहीत, काळा रंग नाही. मला वाटलं धुक्यामुळे असेल. सरांनी लेन्सवर टॉर्च मारला. समोरच्या काचेवर बारीक दव पसरलं होतं, श्वास सोडल्यावर आरशावर येतं तसं.

हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आकाशाकडे उष्णता सोडत थंड होत जाते, काच तर भराभर. तलावाकाठची हवा ओली. काच हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे हवेतली वाफ पाणी होते त्या तापमानाखाली, गेली की दव धरलंच. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा येतं. फोटो घ्यायच्या क्षणापर्यंत लेन्सची टोपी काढायची नाही, हूड लावून ठेवायचा, मधल्या वेळात लेन्सचं तोंड जमिनीकडे ठेवायचं. दुसऱ्या रात्री आमच्या मुक्कामाच्या काकूंनी माझ्या लेन्सभोवती त्यांचा सुती दुपट्टा दोन वेढे देऊन गुंडाळला आणि गाठ मारली. नवजात बाळाला गुंडाळतात तशी ती गुंडाळी होती. त्यानंतर मला कधी दव लागलं नाही. तो दुपट्टा त्यांनी परत घेतला नाही, आजही बॅगेत आहे.

दुसरा दिवस पाण्यावरच्या माणसांचा. ढिवर बांधव पहाटे लावलेली जाळी काढायला डोंग्यातून जातात. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच एका ठिकाणी कार्यशाळेला गेले होते. तिथे मासेमाराला पैसे देऊन सूर्यासमोर उभं करत आणि तो पुन्हा पुन्हा हवेत जाळं फेकत राही. जाळ्यात मासा नाही, त्याच्या खाली मासेमारी होते असं पाणीही नाही. वीस कॅमेऱ्यांत वीस सारखे फोटो. ते फोटो सुंदर होते, आणि मला ते घेतल्याचं आजही वाईट वाटतं. माणसाचं काम त्याच्या हातातून काढून त्याचा नुसता आकार ठेवून घेणं हे मला चोरीसारखं वाटतं. या वेळी सरांनी नियम घातला होता: आधी बोलायचं, काम बघायचं, नाव विचारायचं, आपलं सांगायचं, आणि कॅमेरा शेवटी. कुणी नको म्हटलं तर तिथेच थांबायचं.

म्हणून मी त्या सकाळी फोटो थोडे काढले आणि एका म्हाताऱ्या ढिवर काकांजवळ पाळीवर बसून राहिले. ते जाळ्यातून काड्या आणि शेवाळ निवडत होते. बोटं पाण्याने पांढरी पडलेली, अंगठ्याच्या नखाखाली जाळ्याच्या दोऱ्याने कापलेली जुनी रेघ. गाठीत अडकलेली काडी ते ओढत नव्हते, गाठच दोन बोटांत फिरवून सैल करत होते. खूप वेळाने त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी सगळे जन पान्याकडंच कायले पाहता?"

मी म्हटलं, वाफ येते ना काका, धुकं.

"ते पान्यावरचं उठून जाते. बांध्यातलं बसून रायते. पाळीच्या मांगं पाहा."

तिसऱ्या पहाटे सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती आणि मी पाठ फिरवली.

काका म्हणाले तसंच होतं. तलावाचं पाणी हवेपेक्षा ऊबदार, म्हणून त्यावरची वाफ वर चढते आणि विरते. बांध्यांमधली जमीन मात्र रात्रभर निवते, थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि धुऱ्यांमध्ये साचते, पाणी साचतं तशीच. धुकं कमरेइतकंच उंच होतं. एकेका बांधीत वेगळं भरलेलं, आणि धुरे त्याच्या वर काळ्या रेघांसारखे उघडे. कोहळ्यांनी पाण्यासाठी पाडलेल्या पायऱ्यांवरून धुकं उतरत होतं. चुरणी (मळणी) लांबलेले दोन-तीन पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंज्या, त्यातून वर आलेले. पावणेसातच्या सुमारास सूर्य समोरून, बांध्यांच्या पलीकडून वर आला आणि ते सगळं धुकं आतून पेटल्यासारखं उजळलं. प्रकाश धुक्याच्या पलीकडून आपल्याकडे येतो तेव्हाच ते असं उजळतं. पाठीमागून आला की नुसतं राखाडी दिसतं. वहीत लिहिलेली दक्षिणोत्तर पाळ तेव्हा माझ्या लक्षात आली.

पहिले चार फोटो मी रुंद दृश्य घेणाऱ्या वाइड लेन्सने घेतले आणि त्यात काहीच नव्हतं. अर्ध्यात आकाश, अर्ध्यात माती, पुंजणे मोहरीएवढे. डोंगराळ भागात वाइड लेन्स चालते कारण जमीन स्वतःच उभी राहते. सपाट धानपट्ट्यात ती सगळं दूर ढकलते. मी दूरचं जवळ आणणारी सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स लावली, एकशेपस्तीसच्या आसपास थांबले. मग धुरे एकमेकांजवळ आले, एकावर एक रचल्यासारखे, सहा-सात रेघा आणि त्यांच्यामध्ये भरलेला उजेड. पाळीची उंची पंधरा-वीस फूट असेल, पण या मुलखात तेवढी उंची मिळणंही भाग्य. खाली बांधीत उभी राहिले असते तर पहिल्या धुऱ्यामागचं काहीच दिसलं नसतं.

आयएसओ १००, एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा धुकं राखाडी करू बघतो, कारण पांढरं काही दिसलं की मीटर ते मधल्या छटेवर आणतो. म्हणून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश दिला, आणि हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकत नाही ना एवढं बघितलं. सतरा मिनिटं मिळाली. मग ऊन चढलं, धुकं फाटलं, आणि बांध्यांमधली लाखोळीची निळी फुलं दिसायला लागली. धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकून देतात, धान कापलं की तिच्यावर ऊन पडतं आणि जमिनीतल्या उरल्या ओलीवर ती वाढते. उतेरा म्हणतात या पद्धतीला. रात्री त्याच लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात जेवलो होतो.

मधल्या रात्री जवळच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं, पहाटेपर्यंत चालणारं. पाच वाजता उठायचं असल्याने आम्ही दीड वाजता निघालो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन, ते एका परिच्छेदात बसणारं नाही.

परतीला गाडीने गोंदियाकडे गेलो ते सारसांसाठी. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, तेही मोजके. माणसाच्या उंचीचा पक्षी, पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करणारा, म्हणजे त्याचं जगणं शेतकऱ्याच्या मर्जीवर. सरांनी गाडीतून उतरू दिलं नाही, ड्रोनचं तर नाव काढू दिलं नाही. एक जोडी दूर धसकटांत चरत होती. माझ्याजवळ त्यांना मोठं करणारी लेन्स नव्हती आणि मला त्याची गरजही वाटली नाही. मोठी रिकामी बांधी, मागे पळसाची ओळ आणि कोपऱ्यात दोन उभ्या राखाडी रेघा. ते दोघं किती थोडे उरलेत हे जवळून काढलेल्या फोटोत दिसलं नसतं.

घरी आल्यावर धुक्याच्या त्या फोटोची आठ बाय बाराची प्रिंट काढली. दोन काढल्या. एक काकांसाठी, आणि एक त्या बाईंसाठी, ज्या मला त्या सकाळी पाळीखाली भेटल्या होत्या आणि "आमच्या वावराचा फोटो आमाले देजा" असं म्हणाल्या होत्या. फोटो पाठवतो म्हणून सांगणारे पुष्कळ येतात, पाठवणारे थोडे, हे त्यांनी हसत सांगितलं होतं. मला ते लागलं होतं.

जुलैत सुट्टी काढून एकटीच गेले. आषाढाचा पाऊस, तलाव काठोकाठ, आणि जानेवारीत धुकं भरलेल्या त्याच बांध्यांत आता खरं पाणी. रोवणी चालू होती. कॅमेऱ्यावर सवयीने पोलरायझर चढवला आणि फिरवला तर पाण्यावरची चकाकी गेली, तळचा चिखल दिसायला लागला. लगेच काढून ठेवला. पाण्यात पडलेलं ढगांचं आभाळ आणि त्यात वाकून परे (भाताची रोपं) रोवणाऱ्या बायकांची ओळ, चकाकी गेली तर उरतं काय?

काका भेटले नाहीत, नागपूरला लेकीकडे गेले होते. त्यांची प्रिंट घरी दिली. बाई मात्र बांधीतच होत्या. धुऱ्यावर येऊन त्यांनी हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि प्रिंट कडेने धरली. मी वाट बघत होते, सुंदर आहे म्हणतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट कागदापासून थोडं वर ठेवून एकेक रेघ दाखवायला लागल्या.

"हा आमचा धुरा. हा दिराचा. इथं मांगच्या साली फुटला होता, सगळं पानी खालच्याइच्या बांधीत गेलं. अन् हे पुंजनं आमचं नोहे बाई, जावेचं हाय. तिचं चुरनं लांबलं होतं." मग फोटोच्या उजव्या कडेला, जिथे माझ्या मते फक्त धुकं होतं, तिथे बोट थांबलं. "इथं आमची बोडी. दिसत नाही, पन हाय."

पावसाचे थेंब पडायला लागले तशी त्यांनी प्रिंट पुन्हा माझ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी धुऱ्यावरच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवली आणि परे उचलून ओळीत गेल्या.