तुम्ही विचारलंत म्हणून: कृष्णेत अजून पोहता का?

पुण्याचा पाहुणा असो नाहीतर शेजारचा शाळकरी पोरगा, प्रश्न ठरलेला. "काका, अजून नदीत पोहता? पाणी सुधारलं का हो सांगलीचं?"

पोहतो. पण रोज नाही आणि कुठेही नाही.

सातव्या वर्षी वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून मला घाटावरून ढकललं. तेव्हा तळाचे गोटे दिसायचे असं माझे मित्र शपथेवर सांगतात. ते आठवणसुद्धा गाळून पितात. पाणी पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात हिरवटच असायचं. फक्त तोंडात गेलं तर थुंकावंसं वाटत नसे.

मार्च २०२३ मधली ती सकाळ मात्र विसरता येत नाही. काठाला मेलेल्या माशांचा खच पडलेला, आणि माणसं तेच मासे पोत्यात भरत होती. असे मासे बहुधा पहाटे मरतात. दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं, रात्री तेही तो वापरतं, त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात सडणारी घाण आली की जंतू उरलासुरलाही संपवतात. म्हणून अशी बातमी सगळ्यांत आधी आम्हा पोहणाऱ्यांना कळते.

घाटावर लगेच बोलणं मळीवर गेलं. इथे नदीत तांबडं काही दिसलं की ती मळीच. खरं तर मळी ही साखरेनंतर उरते आणि तिच्यापासून अल्कोहोल करतात. त्यानंतर उरणारा काळपट तांबडा द्रव म्हणजे स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे तो आठ ते पंधरा लिटर निघतो. आता त्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मुरवून खत करायचं. हे तंत्र चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण वर्षभर नियम पाळून एका रात्री व्हॉल्व्ह उघडला, तर माशांच्या दृष्टीने वर्षभराचं पुण्य शून्य.

कारखान्यांना शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पण शहरातून नदीत येणारा शेरीनाला कुठल्या कारखान्याचा नाही, तो तुमच्या-माझ्या मोरीचा आहे. त्याचं सांडपाणी उपसून धुळगाव या गावी न्यायचं आणि प्रक्रिया करून शेतीला द्यायचं, अशी योजना झाली. कल्पना मला मनापासून आवडते, कारण शेताला जे खत तेच नदीला विष. पण पंपाला वीज लागते, दुरुस्ती लागते. पंप बंद पडला की घाटावर कुणी सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पाणी वाहतं असणं. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. खाली येईपर्यंत टेंभू आणि ताकारी या शेतीसाठी पाणी उपसणाऱ्या योजना आपापला वाटा उचलतात. उन्हाळ्यात वरून पाणी सुटलं नाही की सांगलीत नदीचं डबकं होतं, आणि तेवढाच नाला मग दुप्पट वास मारतो. कोयनेचं पाणी आलं की चार दिवसांत नदी ओळखू येत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर चढलेली हीच बाई एप्रिलमध्ये घोट्याएवढी होते, हे त्यांना खरं वाटत नाही.

तेव्हा माझे नियम असे. पावसाळ्यात पाय घालायचा नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला कधीच नाही. बाकी दिवशी पायरीवर उभं राहून आधी नाकाला विचारायचं.

परवा नातवाला पहिल्यांदा नेलं. भोपळ्याऐवजी नारिंगी जॅकेट. तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाला, "आजोबा, वास येतोय."

मलाही आला होता. त्याच्यासाठी गप्प होतो. टॉवेल खांद्यावर टाकला, कोपऱ्यावर भडंगाचा पुडा घेतला आणि दोघं कोरडेच घरी आलो.