मावशींचे तीन डोस

बँकेत ३३ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ इन्स्पेक्शनमध्ये. म्हणून एका रविवारी पोहे खाता खाता छोटे डॉक्टर म्हणाले, "काका, दवाखान्याचं एनएबीएच करायचंय, फाइल तुम्ही बघा," तेव्हा मला वाटलं, फाइलच तर आहे. पंधरा दिवसांचं काम.

छोटे डॉक्टर आता ४४ वर्षांचे आहेत. वडील मोठे डॉक्टर, म्हणून हे अजून छोटेच. एकटे असलो की मी त्यांना अरे-तुरे करतो, पेशंटसमोर अहो-जाहो. दवाखाना इंदूरच्या जुन्या वस्तीत, स्नेहलतागंजच्या बाजूला. तपासायची खोली, ड्रेसिंगची खोली आणि बाहेर ओटा. ओट्यावर बसलेल्यांत निम्मे मराठी, आणि त्यातले निम्मे औषधापेक्षा गप्पांसाठी आलेले.

एनएबीएच ही क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालची, हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था. मोठ्या हॉस्पिटलांच्या दारावर तिचा शिक्का आपण बघतो, पण साध्या क्लिनिकसाठीही तिची वेगळी मानकं आहेत, हे मला पुस्तक हातात आल्यावर कळलं. ते ऐच्छिक. सक्तीचं काय, तर मध्य प्रदेशच्या १९७३च्या कायद्याखाली सीएमएचओकडची, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडची, नोंदणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैव-वैद्यकीय कचऱ्याची परवानगी. दोन्ही आमच्याकडे होती, फ्रेम करून, मोठ्या डॉक्टरांच्या फोटोशेजारी.

पहिल्या दहा दिवसांत मी फाइल उभी केली. एका ओळखीच्या हॉस्पिटलातून नमुना मिळाला होता, त्यात नाव बदलत गेलो. शेवटच्या वाचनात लक्षात आलं की आमच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात लिफ्ट बंद पडल्यास काय करायचं याचीही पद्धत लिहिली गेली आहे. ते पान काढलं. बाकीची तशीच ठेवली. सगळ्यांवर 'तयार करणार' म्हणून सही माझी.

त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी मावशींच्या बोटात सुई गेली.

मावशी सकाळ-संध्याकाळ झाडूपोछा करतात. ड्रेसिंगच्या खोलीतला डबा पिशवीत रिकामा करताना उजव्या हाताच्या मधल्या बोटात टोचली. त्या कुणाला सांगणारही नव्हत्या. पदराला रक्ताचा ठिपका मला दिसला म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "होतं कधीकधी." म्हणजे पहिल्यांदा नव्हतं.

डॉक्टर पेशंट सोडून उठले. साबण आणि वाहतं पाणी, बोट दाबून रक्त काढायचं नाही, डेटॉल-स्पिरिट ओतायचं नाही. मग त्यांनी विचारलं, सुई कोणाची? सकाळपासून ११ जणांना इंजेक्शनं झाली होती, आणि सगळ्या सुया एकाच डब्यात. कोणाची, ते देवालाच ठाऊक. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या द्यायच्या तर शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. डॉक्टरांनी मावशींना स्वतःच्या गाडीत घातलं आणि सरकारी रुग्णालयात नेलं.

जाताना दारातून त्यांनी मला विचारलं, "काका, मावशींची हिपॅटायटिस बीची लस झालीय ना?"

मी फाइल उघडली. पद्धत क्रमांक १४: 'सर्व कर्मचाऱ्यांचे लसीकरण पूर्ण झालेले आहे.' खाली माझी सही.

मावशींना एकही डोस मिळालेला नव्हता. कंपाउंडरने फार वर्षांपूर्वी एक घेतला होता आणि पुढचे विसरला होता. २०१६च्या कचरा नियमांत हे स्पष्ट आहे की असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कारणही साधं आहे. बाधित माणसाची सुई लागली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन, पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ३०पर्यंत जाते. बँकेत अशी सही केलेला शाखाधिकारी मी सोडला नसता.

मावशींना पहिला डोस त्याच दिवशी मिळाला. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी ठरवलं की अर्ज तिसऱ्या डोसापर्यंत करायचा नाही. माझे पंधरा दिवस असे सहा महिने झाले.

सुई उघड्या डब्यात का येत होती, हे बघायला मी दोन दिवस ड्रेसिंगच्या खोलीत स्टूल टाकून बसलो. कंपाउंडर इंजेक्शन दिलं की दोन्ही हातांनी टोपण परत बसवायचा आणि सगळंच डब्यात. टोपण बसवतानाच सुई लागते, हे त्यालाही माहीत. "अंकलजी, इत्ते साल से ऐसे ई कर रहे." नीडल कटर कपाटात होता, खोक्यात, बिलासकट. पिवळी, लाल पिशवीही होती. परवानगी घेताना आणलेली.

कंपाउंडरला रंग पाठ होईनात. शेवटी मावशीच भडकल्या. "माझ्या घरी गीला-सूखा सोडून आणखी चार प्रकार वेगळे द्यावे लागतात, नाहीतर गाडीवाला भैया गल्लीत सगळ्यांसमोर डबा परत देतो. इथे कुणी विचारतच नाही." इंदूर २०१७पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं याची फुशारकी आम्ही पुण्याच्या पाहुण्यांसमोर किती वेळा मारली असेल! आणि शिकलेल्यांच्या दवाखान्यात कापूस, सुई, काच, चहाचे कप एकत्र.

मग मावशींनीच शिकवलं. रक्ताचा कापूस-पट्टी पिवळ्यात, सुई कापल्यावरची सिरिंज आणि हातमोजे लालमध्ये, सुई पांढऱ्या टणक डब्यात, अँप्युल-बाटली निळ्यात. पिशवीवर बारकोड, वजन वहीत, आणि ४८ तासांच्या वर दवाखान्यात ठेवायचं नाही. मी फक्त वही आखून दिली.

दुसऱ्या डोसाच्या आधी मी फ्रिज उघडला. लशी मागच्या बाजूला, बर्फाच्या कप्प्याला टेकून, पुढे श्रीखंडाचा डबा. थर्मामीटर ठेवला तर मागे उणे एक. लशी २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात, आणि हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांच्या लशी एकदा गोठल्या की वरून ठीक दिसल्या तरी कामाच्या राहत नाहीत. डॉक्टरांनी सगळा साठा बाद केला. कंपाउंडर कळवळला, तारीख अजून आठ महिन्यांची होती. मी विचार करत होतो की त्यातलीच एक मावशींना जाणार होती. तेव्हापासून तापमान दिवसातून दोनदा वहीत, आणि श्रीखंड वरच्या मजल्यावर.

बाकी गोष्टी मानानं सोप्या. डॉक्टरांचं अक्षर समोरच्या मेडिकलवाल्यालाच लागायचं. मेडिकल कौन्सिलनं २०१६मध्येच औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असं सांगितलंय, म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्युटरच घेतला. एकाच नावा-आडनावाच्या दोन काकू आहेत, एक सुदामा नगरच्या, एक लोकमान्य नगरच्या. आता नावासोबत जन्मतारीख विचारतो. लोकमान्य नगरच्या काकूंना ते अजून आवडलेलं नाही.

तपासणीला एनएबीएचचे दोघे आले. माझी फाइल त्यांनी दहा मिनिटांत बाजूला ठेवली, जरा वाईटच वाटलं. मग थेट मावशींना विचारलं, सुई लागली तर काय कराल? मावशींनी साबणापासून ७२ तासांपर्यंत सगळं सांगितलं आणि वर ते टोचलेलं बोटही दाखवलं. डॉक्टर मात्र अडकले. भुलीच्या औषधाची एक बाटली उघडलेली आणि तिच्यावर उघडल्याची तारीख नाही. एकाहून जास्त वेळा वापरायची बाटली उघडल्यापासून २८ दिवसांत संपवायची किंवा टाकायची असते. त्रुटी लिहिली गेली. ती दूर करून आम्ही उत्तर पाठवलंय.

तिसऱ्या डोसानंतर दोन महिन्यांनी मावशी आणि कंपाउंडर, दोघांच्या रक्तातली अँटीबॉडी तपासली, म्हणजे लस लागू पडली का ते. दहाच्या वर हवी. मावशींची दोनशेच्या वर निघाली, त्यांनी तो कागद आधार कार्डाच्या पाकिटात ठेवलाय. कंपाउंडरची सात आली, त्याला पुन्हा डोस घ्यायचे आहेत. पद्धत क्रमांक १४ मी नव्यानं लिहिली. तिच्यावरची सही तेवढी त्याच्यापायी राहिली आहे.