तीसेक गाड्या, ताम्हिणी घाट आणि बागमांडल्याची फेरीबोट

पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. आमच्या मोटरसायकल क्लबच्या तीसेक गाड्या होत्या; एवढा ग्रुप न तुटता कसा न्यायचा, त्याबद्दल हे. ३५० च्या बुलेट बऱ्याच, काही हिमालयन, काही ३९० ड्यूक, चार-पाच जण दीडशे सीसीवर, आणि निम्म्यांच्या मागे पिलियन. हरिहरेश्वर एकट्याला साडेचार-पाच तासांत होतं, क्लबला सात धरा. हिवाळ्यात जा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीत धबधब्यांची इतकी गर्दी असते की एवढा ग्रुप एकत्र राहणं अशक्यच.

आधी थोडा हिशोब. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे ३३ मीटर. तीस गाड्या एकामागे एक धावल्या तर रांग साधारण एक किलोमीटरची होते. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी चाल ठेवली तर ती निम्म्यावर येते, पण घाटात एकेरी ओळच हवी, कारण वळणावर प्रत्येकाला पूर्ण लेन लागते. थोडक्यात, ‘सगळे एकमेकांना दिसत राहू’ हे ताम्हिणीत होणारच नाही. लीडने, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याने, मागे बघून तीस हेल्मेट मोजायचा प्रयत्नही करू नये.

म्हणून आम्ही सहा-सहा गाड्यांच्या तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीचा एक लीड, एक शेवटचा. सगळ्यांच्या मागे टेल, आणि टेलबरोबर हत्यारं व पंक्चर किट घेतलेला मेकॅनिक. नियम एकच: आपल्या मागच्या माणसाची जबाबदारी आपली. तो आरशात दिसत नसेल तर वेग कमी करायचा. तरीही दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून डावीकडे थांबायचं. तुम्ही हळू झालात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसेनासे होता, तोही हळू होतो, आणि निरोप न बोलता लीडपर्यंत पोचतो. पुढच्याचा पाठलाग करणारा ग्रुप हमखास तुटतो. पुढचा सुटला म्हणून मागचा आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतो, आणि ग्रुप राइडमधले वाईट अपघात असेच होतात.

नवखे आणि कमी सीसीवाले लीडच्या लगेच मागे ठेवा. बहुतेक क्लब त्यांना मागे टाकतात, हे मला अजिबात पटत नाही. पौडसारखी गावं लागतात, गतिरोधक लागतात. लीड गावाबाहेर पडून ६० ला पोचतो तेव्हा शेवटचा अजून गावात २० वर असतो. मग अंतर भरून काढायला त्याला ८०-९० पळावं लागतं. त्या जागी अनुभवी माणूस हवा. आणि लीडनेही गाव सुटल्यावर मिनिटभर ४० च्या वर जाऊ नये. या एका गोष्टीने आमची रांग जितकी सांधलेली राहिली तितकी दुसऱ्या कशानेच नाही.

जमायची जागा चांदणी चौक ठेवू नका. तिथल्या वाहतुकीत पहिल्याच मिनिटाला दोन तुकडे होतात. पिरंगुटच्या पुढे, रस्त्यापासून आत मोकळी जागा बघा. टाक्या आदल्या रात्रीच भरा. तीस गाड्यांना एका पंपावर पाऊण तास सहज जातो.

घाटात मोबाइलला रेंज बहुतांशी नसते, त्यामुळे लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. खरा धोका फाट्यांवर. घाट उतरल्यावर विळे येतं, तिथून एक रस्ता कोलाडकडे आणि एक निजामपूर-माणगावकडे जातो. पुढे माणगावात मुंबई-गोवा महामार्ग, आणि म्हसळ्यात दिघी व श्रीवर्धनचे रस्ते वेगळे होतात. या प्रत्येक ठिकाणी लीडच्या मागचा गडी फाट्यावर उभा राहायचा, हात करून दिशा दाखवायचा, आणि टेल आल्यावरच निघायचा. विळ्याला आमची एक तुकडी चहाला थांबून बरीच मागे राहिली होती. फाट्यावरचा मुलगा उन्हात जागचा हलला नाही, म्हणून ते कोलाडला गेले नाहीत. त्याला पाणी द्यायला मात्र कोणी थांबलं नव्हतं. तेवढं लक्षात ठेवा. फाट्यावर उभं राहणाऱ्याने गाडी वळणाच्या आधी, लांबून दिसेल अशी लावावी, अगदी कोपऱ्यात नाही.

गाडी बिघडली तर फक्त टेल आणि मेकॅनिक थांबतात. बाकीच्यांनी पुढच्या ठरलेल्या थांब्यावर जायचं. घाटातल्या अरुंद रस्त्यावर वीस जणांनी भोवती कोंडाळं करणं मदत नव्हे, धोका आहे.

फेरीबोट ग्रुप तोडणारच. बोटीत चारचाकीही असतात आणि गावकऱ्यांना आपल्या रोजच्या कामाला जायचं असतं; पूर्ण बोट अडवू नका. तिकिटं एकाने एकदम काढावी आणि तुकडीप्रमाणे चढावं. पहिल्या तुकडीने पलीकडे उतरून जेट्टीवर न थांबता वर रस्त्याला जाऊन थांबायचं, नाहीतर उतरणाऱ्या गाड्या अडतात. ओहोटीला जेट्टीचा उतार तीव्र आणि शेवाळलेला असतो. पिलियन आधी उतरवा, पहिल्या गियरमध्ये, पुढचा ब्रेक न ओढता सरळ जा. बोटीत गाडी गियरमध्ये ठेवून शेजारी उभे राहा. शेवटची फेरी किती वाजता, ते आदल्या दिवशी जेट्टीवर विचारून घ्या.

परतीला आम्ही मंडणगडमार्गे महामार्गाला लागून माणगावला आलो. मुंबईचे सदस्य इथून वेगळे होतात. निघताना टेलला समोर जाऊन तोंडी सांगा. ग्रुपवर टाकलेला मेसेज गाडी चालवणारा टेल वाचत नाही, आणि कोणी न सांगता गेलं तर तो आणि मेकॅनिक निजामपूरच्या रस्त्याला अंधार पडेपर्यंत त्याची वाट बघत बसतात.